टॉर्चमधला संपलेला सेल कारखान्याची हवा साफ करू शकतो. पण मढच्या बांधावरून तो परत आणणार कोण?

ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरात मढ हे गाव लागतं. जुन्नर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा, पावसाचा आणि भाताचा पट्टा. इकडे कुणी 'बॅटरी आण' म्हटलं तर ती गाडीची बॅटरी नसते, हातातला टॉर्च असतो. आणि त्यात घालायचे ते 'सेल'. रात्रीच्या पाळीला वीज आली की दारं धरायला शेतात जावं लागतं. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा वावर असा आहे की बॅटरीशिवाय गोठ्यापर्यंत जायचीही हिंमत होत नाही. त्यामुळे दुकानात बाकी काही असो-नसो, सेल असतातच.

सेल संपले की नवे येतात. जुने कुठे जातात? उकिरड्यात, बांधाच्या कडेला, ओढ्यात, नाहीतर कचऱ्याच्या पेटवलेल्या ढिगात.

याच सेलच्या पोटातल्या काळ्या भुकटीवर गेली दहा-पंधरा वर्षं अर्जेंटिना, दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये संशोधन सुरू आहे. त्याचा गाभा थोडक्यात असा: ही भुकटी नीट धुऊन, भाजून घेतली की तिचा उत्प्रेरक तयार होतो. रंग, छपाई, औषधं, रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांतून ज्या विषारी वाफा हवेत सुटतात, त्या हा उत्प्रेरक कमी तापमानात जाळून टाकतो.

सोशल मीडियावर हीच गोष्ट 'आता जुन्या बॅटऱ्या प्रदूषण संपवणार' अशा थाटात फिरते. तसं काही होणार नाही. पण गोष्ट खोटीही नाही. तिच्यात खरं किती आणि अडतं कुठे, हे पाहायला मढचा संपलेला सेल हे चांगलं ठिकाण आहे.

सेलच्या पोटात असतं काय?

पूर्वी गावोगावची पोरं सेल फोडून आतली काळी कांडी काढायची आणि तिने भिंतीवर, फरशीवर रेघोट्या ओढायची. ती कांडी कार्बनची. तिच्याभोवती ठासून भरलेली काळी भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन. बाहेरचा डबा जस्ताचा. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने १८६६ च्या सुमारास जी रचना शोधली, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती. थोडे महाग, जास्त चालणारे अल्कलाइन सेल आतून वेगळे रचलेले असतात, पण जस्त आणि मँगनीज ही जोडी तीच.

सेल चालतो तेव्हा जस्त इलेक्ट्रॉन देतं आणि मँगनीज ते घेतं. घेता घेता मँगनीजचं रूप बदलत जातं आणि एका टप्प्यावर त्याची घ्यायची ताकद संपते. आपण म्हणतो, सेल उतरला. पण मँगनीज कुठेही गेलेलं नसतं. सेलच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा मँगनीज डायऑक्साइडचा असतो, आणि सेल 'मेल्यावर'सुद्धा ते सगळं मँगनीज डब्यातच असतं.

गंमत अशी की हे मँगनीज अनेकदा महाराष्ट्रातलंच असू शकतं. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग ही 'मॉयल' या सरकारी कंपनीची खाण आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या या कंपनीच्या खाणी नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात आहेत. त्यातली डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठी ओळखली जाते आणि हे खनिज सेल बनवणाऱ्या उद्योगाला जातं. तिथेच बॅटरीच्या दर्जाचं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा प्रकल्पही आहे. म्हणजे विदर्भातल्या खाणीतून काढायचं, दळायचं, शुद्ध करायचं, सेलमध्ये भरायचं आणि महिना-दोन महिन्यांनी सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात टाकून द्यायचं, असा हा प्रवास आहे.

हवा साफ कशी होते? वाटीभर साखरेची गोष्ट

शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर काळी पूड टाकली की फसफसून ऑक्सिजन निघायचा. ती पूड मँगनीज डायऑक्साइडचीच. ती स्वतः संपत नाही, फक्त काम लवकर घडवून आणते, म्हणून ती उत्प्रेरक.

हवेच्या बाबतीत ती थोडं वेगळं काम करते. मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू सैलसर बसलेले असतात. टोल्युइन किंवा अल्कोहोलची वाफ या पृष्ठभागावर आली की ऑक्साइड आपल्याजवळचा ऑक्सिजन तिला देऊन टाकतं. वाफेचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत होतं. ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनची जी जागा रिकामी झाली, ती हवेतला ऑक्सिजन येऊन भरतो. शेजारणीने वाटीभर साखर उसनी नेली आणि संध्याकाळी दुकानातून साखर येताच आपला डबा पुन्हा भरला, तसं. डबा तोच राहतो, साखर फिरत राहते.

ही उसनवारी जमायला मँगनीज एकाच अवस्थेत असून चालत नाही. काही अणूंकडे ऑक्सिजन भरपूर, काहींकडे कमी, अशी सरमिसळ असेल तर देवाणघेवाण जलद होते. आणि वापरून संपलेल्या सेलमध्ये नेमकी अशीच सरमिसळ झालेली असते. बॅटरी म्हणून जो थकवा, तो उत्प्रेरक म्हणून उपयोगी पडतो.

मँगनीजने हवा साफ करणं ही कल्पना मुळात नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत 'हॉपकलाइट' नावाचं मिश्रण तयार झालं. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांतून त्याचं नाव जुळवलेलं. त्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि तांब्याचं ऑक्साइड. हे मिश्रण साध्या तापमानालाच कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. खाणकामगारांच्या बचाव-मुखवट्यांत आणि पाणबुड्यांत ते वापरलं गेलं. त्याची एक खोड मात्र कायम राहिली: ओल लागली की ते मंदावतं. ही खोड लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग नवीन काय सापडलं?

नवीन एवढंच की खाणीतलं शुद्ध मँगनीज न वापरता कचऱ्यातलं वापरून चालतं का, हे पाहिलं गेलं. अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरातल्या संशोधकांनी वापरलेले अल्कलाइन सेल घेतले. त्यातले धातू बाहेर काढायला आम्ल लागतं. ते त्यांनी विकत आणण्याऐवजी गंधकावर वाढणाऱ्या जिवाणूंकडून तयार करून घेतलं. हे जिवाणू गंधक खाऊन गंधकाम्ल सोडतात. त्या आम्लात जस्त आणि मँगनीज विरघळलं, मग मँगनीज वेगळं काढून भाजलं. त्यातून मिळालेल्या ऑक्साइडने इथेनॉल, हेप्टेन, टोल्युइन यांच्या वाफा मोडून दाखवल्या. कोरियातल्या संशोधकांनी त्याहून सोपा रस्ता धरला: सेलमधली काळी भुकटी जवळजवळ आहे तशी घ्यायची, धुवायची, भाजायची आणि बेंझीन, टोल्युइनसारख्या वाफांवर तपासायची. तीही चालली. आम्लाने धुतली तर आणखी बरी चालली, कारण पृष्ठभागावर साचलेली घाण गेली आणि जस्ताच्या तुलनेत मँगनीजचं प्रमाण वाढलं.

यात फायदा कुठे? अशा वाफा उत्प्रेरकाशिवाय जाळायच्या तर भट्टी ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. उत्प्रेरक असेल तर २०० ते ४०० अंशांत काम भागतं. इंधनाचा खर्च तिथे वाचतो. बाजारात यासाठी प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे उत्प्रेरक मिळतात आणि ते उत्तम असतात, पण महाग. गाडीच्या सायलेन्सरजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोर का कापून नेतात, याचं उत्तर याच धातूंच्या भावात आहे. मँगनीज तेवढं तरबेज नाही. त्याला थोडं जास्त तापमान लागतं आणि उत्प्रेरकही जास्त लागतो. पण ते स्वस्त आहे.

प्रयोगशाळेतल्या यशाला एक मर्यादा असते, ती बातम्यांमध्ये सहसा येत नाही. प्रयोगात कोरडी, स्वच्छ हवा आणि एकच वाफ सोडतात. कारखान्याच्या धुराड्यात ओल असते, धूळ असते, कधी गंधकाची संयुगं असतात. गंधक मँगनीजच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि उत्प्रेरक मरतो. शिवाय सेलची भुकटी ब्रँडप्रमाणे बदलते. एकात क्लोराइड जास्त, दुसऱ्यात पोटॅशियम, तिसऱ्यात लोखंडाचा गंज. कारखानदाराला दर खेपेला तोच माल लागतो. 'साधारण तसाच' त्याला चालत नाही.

मढची हवा साफ होईल का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं.

मढमध्ये हवेचा जो खरा त्रास आहे, तो चुलीच्या धुराचा. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, पण फुप्फुसात जाऊन बसतात ते काजळीचे बारीक कण. उत्प्रेरक वायू आणि वाफांवर काम करतो, कणांना तो गाळत नाही. परदेशात काही लाकडी शेगड्यांमध्ये उत्प्रेरक बसवलेली जाळी असते, पण ती खास बनवलेली असते आणि त्यात मौल्यवान धातू असतात. सेलची भुकटी चुलीत टाकून धूर कमी होईल असं कुणी सांगत असेल तर ते धोकादायक आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. चालण्या-बोलण्यात पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. खाणी आणि वेल्डिंगमधल्या कामगारांमध्ये हा आजार ओळखीचा आहे. आणि बंद सेल विस्तवात पडला तर फुटतो.

शहरांच्या धुळीवरही हा उपाय नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम ज्या आकड्यांवर शहरांना जोखतो, ते मुख्यतः धूलिकणांचे आकडे आहेत. पुणे असो वा नाशिक, रस्त्यावरची धूळ आणि बांधकामांची माती मँगनीजने जाणार नाही.

उपयोग आहे तो मढपासून काही तासांच्या अंतरावर. मढहून भाजीपाला ज्या रस्त्याने जातो तोच धरा: ओतूर, आळेफाटा, तिथून पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकण. चाकण-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात, आणि रंगकाम जिथे आहे तिथे द्रावकांच्या वाफा आहेतच. दौंड तालुक्यातलं कुरकुंभ हे तर रासायनिक कारखान्यांचं क्षेत्र. मोठ्या कंपन्यांकडे या वाफा जाळायची यंत्रणा असते. प्रश्न लहान युनिटचा आहे. छपाई, चिकटद्रव्यं, पावडर आणि रंगाची छोटी कामं. त्यांना प्लॅटिनम परवडत नाही आणि ७०० अंशांची भट्टीही परवडत नाही. तिथे थोडा कमअस्सल पण स्वस्त उत्प्रेरक चालून जाईल.

या वाफांचा त्रास नुसता वासाचा नसतो. त्यातलं बेंझीन कॅन्सरला कारण ठरतं, म्हणूनच २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला अवघी ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बाकीच्या अनेक वाफा उन्हात नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. तो माणसाच्या छातीला त्रास देतो आणि पिकांच्या पानांनाही. ओझोन वाऱ्याबरोबर दूर जातो, त्यामुळे औद्योगिक पट्ट्यातली वाफ ही त्या पट्ट्यापुरती बाब राहत नाही.

किती सेल लागतील?

ढोबळ हिशेब करून पाहू. टॉर्चचा मोठा सेल साधारण ९० ग्रॅमचा धरला तर १,००० सेलचं वजन ९० किलो. त्यातून मँगनीज ऑक्साइड निघेल फार तर २५ किलोच्या आसपास. एवढ्या उत्प्रेरकातून तासाला साधारण ५०० घनमीटर हवा साफ होऊ शकेल, म्हणजे एखाद्या छोट्या छपाई युनिटच्या धुराड्याची. मोठ्या रंगशाळेतून तासाला ५०,००० घनमीटर हवा सहज बाहेर पडते. तिला याच हिशेबाने लाखभर सेल लागतील. भुकटी जाळीदार साच्यावर पातळ थर देऊन वापरली तर कमी लागेल, काढताना वाया गेली तर जास्त.

लाखभर सेल हा आकडा मढसाठी प्रचंड आहे, जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मिळून पाहिले तर अजिबात नाही. देशात वर्षाला दोनशे कोटींहून जास्त सेल खपतात, असा बाजाराचा अंदाज असतो. माल आहे. तो एका जागी येत नाही.

अडलंय ते भंगाराच्या भावात

इथे मढच्याच एका घरातल्या दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून पाहा. एक टॉर्चचा सेल. दुसरी पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी, जी बहुतेक पंपांत शिशाची असते. पंपाची बॅटरी बसली तर ती कुणी ओढ्यात टाकत नाही. ती भंगारवाल्याकडे जाते, किंवा नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो. ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तेच. शिशाला भाव आहे, म्हणून ते कुणी न सांगता परत फिरतं. (ते वितळवताना गल्लीबोळातल्या भट्ट्या काय विष सोडतात, हा वेगळा आणि गंभीर विषय.)

टॉर्चच्या सेलला भाव नाही. जस्त थोडं, मँगनीज स्वस्त, आणि वेगळं करायला मेहनत. भंगारवाला तो फुकटही उचलत नाही.

सरकारी प्राधान्यक्रमही याच बाजूला झुकलेला आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने ३० 'महत्त्वपूर्ण खनिजां'ची यादी जाहीर केली. तिच्यात लिथियम आहे, कोबाल्ट आहे, निकेल आहे, प्लॅटिनम गटातले धातू आहेत. मँगनीज आणि जस्त नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिचा रोख इलेक्ट्रॉनिक कचरा आणि लिथियम बॅटऱ्यांवर आहे. त्यात चूक काही नाही, देशाला लिथियम-कोबाल्ट आयात करावं लागतं आणि मँगनीजच्या खाणी घरच्या आहेत. पण परिणाम असा की ज्या सेलमध्ये महागडं काही नाही, त्याच्या मागे पैसाही नाही.

म्हणून उत्प्रेरकाची कल्पना कामाची आहे. सेलमधलं मँगनीज पुन्हा सेलमध्ये घालायचं तर ते फार शुद्ध लागतं आणि खर्च परवडत नाही. उत्प्रेरकाला तेवढी शुद्धता लागत नाही, आणि त्याची स्पर्धा स्वस्त खनिजाशी नसून महागड्या प्लॅटिनमशी आहे. किलोमागे चार पैसे सुटायची शक्यता असेल तर ती इथे. दुसरी एक वाट फिनलंडमधल्या ट्रेसग्रो या कंपनीने दाखवली आहे. ती वापरलेल्या अल्कलाइन सेलमधलं जस्त आणि मँगनीज शुद्ध करून सूक्ष्म अन्नद्रव्यांचं खत बनवते. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला झिंक सल्फेट आणि मँगनीज सल्फेटची ओळख करून द्यायला नको. (म्हणून सेल फोडून झाडाच्या बुडाशी टाकायचे नाहीत. खत करताना बाकीचे नको असलेले धातू काढून टाकावे लागतात, ते घरी होत नाही.)

मोबाइल आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं गणित उलटं आहे. त्यातल्या कोबाल्ट-निकेलपासूनही उत्प्रेरक बनतो, तसे प्रयोगही झालेत. पण ते धातू पुन्हा बॅटरी उद्योगाला विकले तर जास्त पैसे मिळतात. तेव्हा लिथियम बॅटरीसाठी उत्प्रेरक ही दुय्यम वाट, आणि साध्या सेलसाठी जवळजवळ पहिली. बातम्यांत मात्र सगळं 'बॅटरी' या एकाच शब्दात गुंडाळलं जातं.

कायद्यात मढ कुठे आहे?

२००१ चे बॅटरी नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांसाठी होते. टॉर्चचा सेल कायद्याच्या नजरेत आला तो ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी. हे नियम सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. पाच किलोपेक्षा कमी वजनाची, सीलबंद, गाडीची किंवा उद्योगाची नसलेली बॅटरी 'पोर्टेबल' या गटात येते, त्यात आपला सेल आला. विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर टाकली आहे. पुनर्वापर केंद्रात आलेल्या पोर्टेबल बॅटरीतून किती माल परत मिळवायचा याचंही प्रमाण ठरलेलं आहे: २०२४-२५ मध्ये ७० टक्के, २०२५-२६ मध्ये ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के. हे प्रमाण गाठायचं तर जस्ताचा डबा काढून काळी भुकटी फेकून देणं चालणार नाही. तिचं काहीतरी करावंच लागेल. उत्प्रेरकाच्या संशोधनाला आपल्याकडे वजन येतं ते या टक्केवारीमुळे.

पण यातली मेख 'केंद्रात आलेल्या' या दोन शब्दांत आहे. मढच्या उकिरड्यातला सेल केंद्रात आलेलाच नाही. ग्राहकाने संपलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावी, असं नियम सांगतात. कुणाकडे द्यावी, याचं उत्तर शहरात मॉलमधला किंवा दुकानातला एखादा डबा असतो. गावात ते उत्तरच नसतं. घातक घरगुती कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं. पण त्या नियमांची कक्षा शहरं, जनगणना नगरं, औद्योगिक वसाहती, तीर्थक्षेत्रं अशा ठिकाणांपुरती होती. साधी ग्रामपंचायत तिच्या बाहेर होती. म्हणजे सेल विकणाऱ्या साखळीचं शेवटचं टोक मढपर्यंत पोचतं आणि गोळा करणाऱ्या साखळीचं टोक तालुक्याच्या गावाच्याही अलीकडे थांबतं.

हे बदलायला फार मोठं काही लागत नाही. २०२२ च्या नियमांनी कंपन्यांना जुनी बॅटरी पैसे देऊन परत घेण्याची किंवा विक्रीच्या वेळी अनामत ठेवून ती परत देण्याची मुभा दिलेली आहे. सोड्याच्या बाटलीवर अनामत घेणारी दुकानं जुन्या पिढीला आठवतात. गावातला दुकानदार नवे सेल ज्या एजन्सीकडून घेतो, तिचीच गाडी रिकामी परत जाते. चार जुने सेल आणून दिले की नव्या जोडीवर एखादा रुपया कमी, एवढं जरी झालं तरी बांधावर सेल दिसणार नाहीत. कंपन्यांनी हे स्वतःहून करण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळांनी ग्रामीण संकलनाचा आकडा वेगळा मागायला हवा. आज हिशेब कंपनीच्या एकूण विक्रीवर होतो, त्यामुळे शहरातून गोळा करून कोटा भागला की मढपर्यंत यायची कुणाला गरज उरत नाही.

ज्ञानाची तर पुण्यात अजिबात वानवा नाही. १९५० पासून पाषाण रस्त्यावर असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरक हा कामाचा एक मुख्य विषय आहे, आणि नागपूरची 'नीरी' ही पर्यावरण अभियांत्रिकीचीच संस्था. सेलची भुकटी ओल आणि गंधक सोसेल अशी कशी करायची, दर खेपेला सारखी कशी काढायची, हे प्रश्न अवघड असले तरी अशा संस्थांच्या आवाक्यातले आहेत. त्यांना त्यासाठी एक गोष्ट मात्र लागेल: गावातून आलेले, वेगवेगळ्या ब्रँडचे, गंजलेले, ओले, खरे संपलेले सेल, टनाच्या हिशेबात.

तोवर घरातल्या सेलचं काय करायचं?

फोडायचे नाहीत, जाळायचे नाहीत, पाण्यात टाकायचे नाहीत. कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा, पत्र्याचा डबा टाळा. गळालेला सेल हाताने पुसू नका. अल्कलाइन सेलमधला पांढरा खार कातडीला आणि डोळ्यांना भाजतो. मोबाइलची किंवा चार्जिंगच्या टॉर्चमधली लिथियम बॅटरी या डब्यात मिसळू नका. तिची टोकं चिकटपट्टीने बंद करून ती वेगळी ठेवा, कारण दाबली गेली किंवा टोकं जुळली तर ती पेट घेऊ शकते. हल्ली सेलऐवजी चार्जिंगच्या टॉर्च वाढल्या आहेत, त्यातल्या काहींमध्ये शिशाची छोटी बॅटरी असते. तिला भंगारात भाव मिळतो, पण ती उघडून शिसं काढायचा उद्योग घरी करू नये.

डबा भरला की पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्याच्या हाती तो ई-कचरा संकलन केंद्रावर पोचवता येतो. आळेफाट्यावरून दिवसभर एसट्या जातात. देण्याआधी तिथे सुके सेल घेतात का, हे फोनवर विचारून घ्या. अनेक ठिकाणी मोबाइल आणि लॅपटॉप हसतमुखाने घेतले जातात आणि सेलचा डबा मात्र परत दिला जातो.